चूक फोटोग्राफरची

पहिल्याच दिवशी मी त्यांना मोलकरीण समजले.

म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या कॅम्पसमध्ये नोटीसबोर्डावर एक चिठ्ठी टाचलेली होती. एक खोली, शांत घर, यू-बान मेट्रोपासून सहा मिनिटं, मुलगीच हवी. अक्षर जुन्या वळणाचं, टपोरं. खाली आडनाव असं अस्सल जर्मन, की वाचतानाच डोळ्यांसमोर गुलाबी गालांची, पांढऱ्या केसांची एक आजी उभी राहिली. मी पत्ता शोधत गेले, बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, काळ्या बाईंनी. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात ओलं फडकं. मी माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "घरमालकीण आहेत का?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाहेर गेल्यात. दहा मिनिटांनी या."

मी जिन्यात उभी राहिले. दहा मिनिटांनी पुन्हा बेल वाजवली. दारात त्याच बाई. आता रुमाल नव्हता, फडकं नव्हतं, ओठांना गडद लाल लिपस्टिक होती. हात पुढे करून त्यांनी चिठ्ठीवरचं आडनाव सांगितलं आणि म्हणाल्या, "आल्या बरं का त्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण खोली मला मिळाली. बऱ्याच महिन्यांनी धीर करून विचारलं, की एवढं होऊनही मला कशी दिलीत? त्या म्हणाल्या, "तुमच्या आधी चौघी येऊन गेल्या होत्या. चौघींनी हाच प्रश्न विचारला. दहा मिनिटांनी परत आलात त्या फक्त तुम्ही."

त्यांचं नाव मी इथं सांगणार नाही. माझ्यासारखीनं ते वापरावं, एवढा हक्क मला राहिलेला नाही. नुसतं बाई म्हणते.

बाईंचे वडील अमेरिकन सैनिक. लेक जन्मायच्या आत ते परत गेले, ते गेलेच. आई दक्षिणेकडच्या डोंगराळ अल्गॉयमधल्या एका खेड्यातली, दुधाच्या सोसायटीत कामाला. बाई तिथंच वाढल्या. त्यांची जर्मन अशी ठसठशीत गावाकडची, की माझे म्युनिकचे सहकारीसुद्धा ऐकताना कान टवकारायचे. त्या सगळ्यांना 'झी' म्हणायच्या, म्हणजे आपलं अहो-जाहो. मला तर म्हणायच्याच, पण शेजारच्या पाच वर्षांच्या पोरालाही आणि त्या पोराच्या कुत्र्यालाही. "आपण जरा बाजूला सरकाल का?" असं त्या जिन्यात कुत्र्याला विचारताना मी स्वतः ऐकलंय. मी हसले तर म्हणाल्या, "मला या देशात शाळेतले मास्तर, ट्राममधले कंडक्टर, ऑफिसातले साहेब, सगळ्यांनी आयुष्यभर अरे-तुरे केलं. शेजारच्या बाईला अहो आणि लगेच मला अगं. तेव्हाच ठरवलं, आपण कुत्र्यालाही अगं-अरे करायचं नाही."

तरुणपणी त्या मॉडेल होत्या. लहानसहान नव्हे, पॅरिसपर्यंत जाऊन आलेल्या. पण घरात त्या काळातला एकही फोटो भिंतीवर नव्हता. कपाटात एक फाइल होती, तीही मी फार मागे लागले तेव्हा काढली. एका फोटोत बिबट्याच्या कातड्यात गुंडाळलेल्या, एकात हातात भाला, एकात नुसते मणी. मागे वाळवंट.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"हे ना, इथलंच. म्युनिकच्या बाहेर खडीची खाण आहे. सकाळी सहा वाजता, चार डिग्रीत, तिथं आफ्रिका उभी केली होती." त्या हसल्या. "फोटोग्राफर म्हणाला, तुझ्या मूळ गावचं काहीतरी आठव. मी गाई आठवल्या."

मग फाइल मिटून म्हणाल्या, "भुकेनं किंवा थंडीनं त्रास नाही झाला. जागा एकच असायची, त्यानं झाला."

म्हणजे असं, की एका शोमध्ये तीस मुली असल्या तर त्यांच्यासारखी एक घ्यायची. दोन घेतल्या की लोकांना वाटे, आफ्रिका वगैरे काहीतरी विषय मांडलाय. निवडीच्या रांगेत बाईंना नेहमी दुसरी एक मुलगी भेटायची, लिऑनहून आलेली, त्यांच्याच रंगाची. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि दोघींना कळायचं, आज यातली एक रिकाम्या हातानं घरी जाणार. "नऊ वर्षं आम्ही भेटत होतो," बाई म्हणाल्या, "आणि एकदाही बरोबर कॉफी प्यायलो नाही. एवढी हुशार, एवढी गमतीदार मुलगी. तिचं हसणं मला अजून ऐकू येतं. त्या लोकांनी माझे काय फोटो काढले ते जाऊ दे. माझी मैत्रीण मला मिळू दिली नाही त्यांनी."

एकदाच त्यांना एका मोठ्या मासिकाचं मुखपृष्ठ मिळालं. आईला दाखवायला त्या अंक घेऊन खेड्यात गेल्या. आईनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?" छपाईच्या आधी कुणीतरी त्यांना चार-पाच छटा उजळ केलं होतं, नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढरा हात फिरवला होता. सख्ख्या आईला लेक ओळखू आली नाही. त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं.

हे सगळं मला माहीत होतं. पुढं जे सांगणार आहे, ते मी हे सगळं माहीत असताना केलं.

मॉडेलिंग सोडून बाईंनी फोटोग्राफी शिकून घेतली आणि पंचवीसेक वर्षं पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवला. म्युनिकमधले घानाचे, एरिट्रियाचे, तमिळ, बंगाली, सगळे त्यांच्याकडे यायचे. कारण दुसरीकडे काढलेल्या फोटोत त्यांचे फक्त डोळे आणि दात यायचे आणि ऑफिसातून फोटो परत यायचा. बाईंकडचा फोटो कधी परत आला नाही. मी राहायला गेले तेव्हा स्टुडिओ बंद करून त्यांना दोन वर्षं झाली होती.

सवयी मात्र सुटल्या नव्हत्या. टीव्हीवर मॉडेल मुलींच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागला की त्या आवाज बंद करून बघायच्या. "आवाज चालू असला की ते लोक आपण किती उदार आहोत ते सांगत राहतात. बंद केला की कोण किती वेळ दिसतं तेवढंच दिसतं." आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चांगला कोट घालून त्या कोपऱ्यावरच्या ड्रोगेरीत, म्हणजे साबण-प्रसाधनांच्या दुकानात जायच्या. मेकअपच्या फळीसमोर उभं राहून बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचायच्या. हस्तिदंती, चिनीमाती, वाळू, मध. मग काउंटरवरच्या मुलीला अदबीनं विचारायच्या, "मधाच्या पुढची फळी कुठं आहे?" मुलगी सॉरी म्हणायची. बाई आभार मानून घरी यायच्या आणि आपल्या बिस्किटाच्या डब्यातली, स्वतः घोटलेली पावडर लावायच्या. असं म्हणे वीस वर्षं चाललं होतं. मी तिथं असतानाच एका शनिवारी दुकानात खरोखरच नवी फळी लागली, अगदी गडदपर्यंत. बाई रागावून घरी आल्या. "झालं! आता पहिल्या शनिवारी मी काय करू?" बाटली आणली होती. लावून पाहिली तर चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसली. त्या एकदम खूश झाल्या. पुढच्या महिन्याची सोय झाली होती.

मी त्यांच्याकडे तीन वर्षं राहिले. आजारी पडले तर त्या सूप करायच्या, मी विद्यापीठाला लिहिलेली जर्मन पत्रं तपासून द्यायच्या. आणि सांगलीला आई-बाबांशी व्हिडिओ कॉल चालू असताना बाई मागून गेल्या, की मी फोन खिडकीकडे वळवायचे. आईला मी 'घरमालकीण जर्मन आहे' एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. एकदा मी फोन वळवला तेव्हा बाई दारातच थांबल्या, मग चप्पल काढून, आवाज न करता, भिंतीला लागून पलीकडे गेल्या. त्यानंतर माझे कॉल चालू असले की त्या नेहमी तशाच जायच्या. मला वाटायचं, बरं झालं, त्यांना कळत नाही.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं. आमच्या घरात मला 'सावळी' म्हणत, पाहुण्यांसमोर 'गव्हाळ'. दुधाची साय, डाळीचं पीठ, ट्यूबमधलं क्रीम, सगळं झालं होतं. बायोडेटात बाबांनी 'वर्ण : निमगोरा' असं लिहिलं होतं आणि मी त्याला हरकत घेतली नव्हती. मी तेव्हा लेझरवर पीएच.डी. करत होते. प्रकाशाबद्दल मला बरंच काही कळत होतं.

श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनला नोकरी करणाऱ्या एका इंजिनियरचं स्थळ आलं. आईनं कळवलं, चांगला फोटो पाठव, मोबाइलवरचा नको. मी बाईंना सहज विचारलं, काढाल का? रविवारी सकाळी उठले तर दिवाणखान्यातलं सगळं सामान भिंतीला सरकवलेलं, खिडकीला पांढरी चादर लावलेली आणि स्टुडिओ बंद झाल्यापासून कपाटात असलेला कॅमेरा स्टँडवर चढवलेला.

तीन तास चाललं ते. त्यांनी माझ्याच बाटलीतलं खोबरेल तेल बोटावर घेऊन माझ्या गालफडांवर, कपाळावर किंचित लावलं. "गोऱ्या चेहऱ्यावर उजेड नुसता पडतो," म्हणाल्या. "आपल्या चेहऱ्यांवरून तो परत येतो. म्हणून तो कुठून सोडायचा हे कळावं लागतं."

आपल्या, म्हणाल्या. मला ते टोचलं. मी तेल लावून घेत होते, त्यांच्या खुर्चीत बसले होते, आणि मनात म्हणत होते, आपल्या कसल्या? तुम्ही वेगळ्या, मी वेगळी. मला त्या 'आपल्या'त बसायचं नव्हतं.

फोटो पाहिला. त्यात मी होते. कपाळ तांबूस, मान गडद, ओठांच्या कडा आणखी गडद, आणि सगळा चेहरा जागा. तसं मला त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. बाई म्हणाल्या, "बघा, एक रंग नाही तुम्ही. पाच तरी आहात."

मी खोलीत गेले, फोटो मोबाइलमध्ये घेतला आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की किती काळी दिसतेय मी. एका अ‍ॅपमध्ये बोटानं उजेडाची रेघ उजवीकडे सरकवली. पाचाचा एक रंग झाला. तो सांगलीला पाठवला. आईचा लगेच मेसेज आला, 'मस्त आलाय!'

महिन्याभरानं तो इंजिनियर आणि पुण्याहून लेकाकडे आलेली त्याची आई, म्हणजे काकू, श्टुटगार्टहून मला बघायला येणार असं ठरलं. मी बाईंना म्हटलं, "त्या दिवशी आपण बाहेर जाणार आहात का?"

"नाही. का?"

"नाही, म्हणजे, त्यांना जरा अवघडल्यासारखं होईल. भाषेमुळे."

"भाषेमुळे," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहत राहिल्या. "गेनाऊ, बरोबर. पण घर माझं आहे. मी केक करते."

आलुबुखाराचा केक त्यांनी केला. निळा रेशमी ड्रेस घातला, कानात मोती घातले. पाहुण्यांचं स्वागत असं केलं, की काकू बिचकून नमस्कारच करत राहिल्या. मुलगा साधा होता, चांगला जर्मन बोलत होता. बाईंशी त्याच्या गप्पा झाल्या, आधी गाईंबद्दल आणि मग डिझेल इंजिनबद्दल. सगळं नीट चाललं होतं. मग काकूंनी पर्समधून फोन काढला, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"फोटोत बरीच उजळ दिसतेस गं तू," त्या हसून म्हणाल्या. स्वभावानं वाईट नव्हत्या. नुसतं जे दिसलं ते बोलल्या.

"आई," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

पण बाईंनी हात पुढे केला होता. काकूंनी कौतुकानं फोन त्यांच्या हातात दिला. बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला. त्यांची खिडकी, त्यांची खुर्ची, त्यांची चादर. मधे भलतीच कोणीतरी. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मुलाला वाटलं, त्यांना समजलं नाही, म्हणून त्यानं सभ्यपणे जर्मनमध्ये सांगितलं, "आई म्हणतेय, फोटोतला रंग वेगळा दिसतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडून स्वच्छ, व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये निघालं, "फोटोग्राफरनं उजेड जरा जास्त टाकला."

बाईंनी चष्मा काढला. माझं खोटं उघडं पडायला त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरे होतं. "हो," त्या मुलाला म्हणाल्या, "चूक फोटोग्राफरची. काही जणांना येतच नाही." फोन काकूंना परत दिला आणि केकवरचं क्रीम आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

पाहुणे गेल्यावर मी तिथं गेले. त्या बशा धूत होत्या. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर हात पुसून म्हणाल्या, "दाखवा कसं करतात."

"काय?"

"तो उजेड. कुठं असतो?"

मी अ‍ॅप उघडून ती रेघ दाखवली. त्यांनी बोटानं ती उजवीकडे नेली, डावीकडे आणली, पुन्हा उजवीकडे नेली. एखादं नवीन यंत्र समजून घ्यावं तसं. मग म्हणाल्या, "माझं मुखपृष्ठ ज्यानं रंगवलं, त्याला मी शोधून काढलं होतं. हॅम्बुर्गला राहायचा. थोबाडीत मारायची म्हणून आठ तास ट्रेननं गेले. म्हातारा होता. दार उघडलं, मला ओळखलं आणि दारातच रडायला लागला. म्हणाला, मला वरून सांगितलं होतं हो, मी नोकर माणूस. मग कसली थोबाडीत मारतेय? त्याच्याकडे चहा पिऊन परत आले."

फोन माझ्या हातात ठेवत त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आईनं सांगितलं नव्हतं. काकूंनी मागितलं नव्हतं. मुलाला तर, पुढं कळलं, फोटो नीट पाहिल्याचंही आठवत नव्हतं.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा नळ सोडला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे चार महिने त्या माझ्याशी तितक्याच अदबीनं वागल्या. पण 'आपल्या' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

तिकडून होकार आला. लग्न पुण्यात झालं. बाईंना पत्रिका पाठवली नाही. एवढ्या लांब कशा येतील, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "विचारायला काय हरकत होती?" त्याला मी खरं काय ते लग्नानंतर तीन वर्षांनी सांगितलं.  तो एवढंच म्हणाला, "आणि त्या आपल्याला केक वाढत होत्या."

मागच्या वर्षी गेर्लिंगेनच्या पत्त्यावर बाईंचं पत्र आलं. तेच टपोरं अक्षर. त्यांच्या वस्तीतल्या वाचनालयात त्यांनी काढलेल्या फोटोंचं छोटं प्रदर्शन भरणार होतं. स्टुडिओत आलेल्या सगळ्यांना परवानगीसाठी लिहीत होत्या, तसं मलाही लिहिलं होतं. 'तुमचा फोटो लावायची फार इच्छा आहे. माझा तो शेवटचा आणि सगळ्यात चांगला.' सोबत एक फॉर्म होता, त्यावर दोन चौकोन, हो आणि नाही.

मला वाटलं होतं, मी बदलले. एवढ्या वर्षांत मी या विषयावर लोकांशी भांडले होते, ऑफिसात एका बैठकीत बोललेही होते. पण सासूबाईंच्या पुण्याच्या भिंतीवर तो उजळ फोटो होता, नातेवाइकांकडे तोच होता. कुणी दोन्ही पाहिले तर? मी 'नाही'वर खूण केली आणि त्याच दिवशी फॉर्म पोस्टात टाकला. एवढी तत्परता मी व्हिसाच्या कागदांतही कधी दाखवली नव्हती.

प्रदर्शनाला मात्र गेलो, नवरा, मी आणि लेक. बाई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, तोच निळा ड्रेस. मला पाहून म्हणाल्या, "आलात. फार छान केलंत." माझ्या सहा वर्षांच्या लेकीलाही त्या अहो म्हणाल्या. फॉर्मचं नाव काढलं नाही.

भिंतीवर दीड-दोनशे चेहरे होते. नर्सेस, टॅक्सी ड्रायव्हर, विद्यार्थी, एक आजोबा, जुळी बाळं. प्रत्येक जण जागा, प्रत्येकाला आपापला रंग. लेक एकेका फोटोसमोर पाय उंचावून बघत गेली. शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आली. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती उत्तर जर्मनमध्ये देते.

"तू कुठं आहेस?" तिनं विचारलं. "बाबा म्हणाले, या आजींनी तुझापण फोटो काढला होता."

"काढला होता. पण मी लावू नका म्हटलं."

"वारुम?" म्हणजे का.

तिच्याशी खोटं बोलायचं नाही, असं मी ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि मराठीत, अगदी हळू, खरं ते सांगितलं. "मला वाटलं, मी त्यात फार काळी दिसतेय."

तिला समजलं. तिला सगळं मराठी समजतं. रंग तिनं माझाच घेतलाय, जसाच्या तसा. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरल्या चेहऱ्यांकडेही पाहिलं नाही. ती आपल्या हाताकडे बघत राहिली आणि मग जॅकेटची बाही ओढून तिनं तो आत घेतला.